विरंगुळा केंद्रात अम्मीची जागा

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला बसायला किती जागा आहेत, ते मी एकदा मोजलं. मारुतीच्या देवळापुढचा पार, दूध संस्थेचा कट्टा, तालमीची पायरी, सलूनमधलं बाकडं, एसटी थांब्याचं शेड आणि आमच्या मशिदीचा ओटा. सहा झाल्या. यांपैकी कुठेही मी म्हातारी बाई निवांत बसलेली पाहिलेली नाही. एसटी थांब्यावर बाई दिसते, पण ती एसटीसाठी थांबलेली असते. गाडी आली की जाते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. सासर कोल्हापूर शहरात. अब्बा होते तोवर मला त्यांच्या म्हातारपणाची फारशी काळजी वाटली नाही. गुडघे दुखायचे, मोतीबिंदू झाला होता, तरी पाचही वक्ताला मशिदीत जायचे. फजरला दिसले नाहीत तर जोहरच्या आत कुणीतरी दारात हजर, "मामू, तबियत ठीक है ना?" मशीद इबादतीची जागा आहेच, पण म्हाताऱ्या पुरुषाची तिथे दिवसातून पाच वेळा हजेरी लागते. ज्याची हजेरी लागते, त्याची गैरहजेरीही कुणाला तरी कळते.

अम्मी नमाज घरीच पढते. आमच्या भागातल्या बहुतेक बायका घरीच पढतात. पुण्यातल्या एका जोडप्याने २०१९ साली बायकांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयात लिहून दिलं की बाईला मशिदीत नमाजला यायला इस्लामची मनाई नाही. मनाई नाही हे ठीक झालं. आमच्या मशिदीत बायकांना वजू करायला जागा नाही, तिथे विषय संपतो.

अब्बा गेले आणि अम्मी इद्दतीला बसली. इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. अम्मीची चार वर्षं चालली. तिला कुणी बसवून ठेवलं नव्हतं. बाहेर पडायचं कारणच उरलं नव्हतं. अब्बांच्या गोळ्या, त्यांचा चहा, त्यांच्याकडे येणारी माणसं, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. भाऊ-भावजय चांगले आहेत. वेळेवर ताट येतं, टीव्ही आहे, वर पंखा आहे. लोक म्हणायचे, म्हातारीचं नशीब चांगलं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ साली एक सावधगिरीचा अहवाल काढला होता. माणसांचा संग तुटण्याने आयुष्य जितकं घटतं, ते दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याच्या तोडीचं असू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. आमच्या अम्मीने आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही.

गावात विरंगुळा केंद्र आहे, हे तिला ठाऊक होतं. राज्याने २०१३ साली ज्येष्ठ नागरिक धोरण केलं, २०१८ साली ज्येष्ठाचं वय ६५ वरून ६० वर आणलं, तेव्हापासून हा शब्द खेड्यातही रुळला. शहरातली केंद्रं बागेत असतात, तिथे हास्यक्लब चालतो, सहली निघतात. आमचं केंद्र म्हणजे दूध संस्थेची जुनी खोली. वर पत्रा, आत दोन बाकडी, एक कॅरम, 'पुढारी' आणि 'सकाळ', भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर. नावात विरंगुळा असला तरी तिथे कागदपत्रांचंच काम जास्त चालतं.

एक निवृत्त तलाठी आण्णा रोज सकाळी दहाला तिथे येऊन बसतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये कुणाचे थांबले, कुणाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. जिवंत माणसाला दर वर्षी जिवंत असल्याचा कागद द्यावा लागतो, यावर तिथे रोज एक तरी विनोद होतो. अंगठ्याचं दुखणं वेगळंच. चाळीस वर्षं ज्या हाताने खुरपं आणि कोयता धरला, त्या हाताच्या रेषा मशीनला सापडत नाहीत. मग आण्णा सांगतात, हात धुऊन या, थोडं तेल लावून पुसा, दुसरं बोट लावून बघा. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली आली, ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये. तिचे अर्जही याच बाकड्यावर भरले गेले.

त्यांचं सगळ्यात मोलाचं काम मात्र दुसरंच आहे. पोरांच्या नावावर जमीन करून द्यायला निघालेल्या म्हाताऱ्यांना ते अडवतात. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यांना तोंडपाठ आहे. बक्षीसपत्रात 'माझा सांभाळ करावा' ही अट घातलेली असेल आणि पोराने ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. "द्या की, पण अट लिवून द्या. पोरगं चांगलंच हाय तुमचं, मग अटीला त्येला कशाला भ्या पायजे?" एवढं एक वाक्य किती घरांत वेळेवर पोचलं असेल, याचा हिशोब कुठल्याही वहीत नाही.

या वहीची मोठी परीक्षा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात झाली. पाणी चढत होतं आणि म्हातारी माणसं जनावरं सोडून हलायला तयार नव्हती. कुठल्या घरात कोण एकटं आहे, कुणाला चालता येत नाही, कुणाला इन्सुलिन लागतं, हे तरुण पोरांना वहीतूनच कळलं. नाव बघायचं आणि नाव न्यायची, असं दोन दिवस चाललं. पण वहीत नावं होती केंद्रात येणाऱ्यांची. म्हणजे पुरुषांची. आमच्या गल्लीमागची एक विधवा बाई, लेक मुंबईला, घरात एकटी. ती सगळ्यांत शेवटी सापडली, तीही तिची शेळी ओरडत होती म्हणून. बाई वाचली. पण त्या रात्रीपासून केंद्राचं काम काय आणि ते कुणासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बायकांचं वय वाढतं आणि लग्नात नवरा वयाने मोठा असतो, त्यामुळे उतारवयात एकटी राहणारी बहुधा बाईच असते. जागा मात्र सगळ्या पुरुषांच्या. ऑस्ट्रेलियात उलट घडलं. निवृत्त पुरुष घरात एकटे पडतात, बोलत नाहीत, म्हणून तिथे पुरुषांसाठी मुद्दाम सुतारकामाच्या शेड उभ्या राहिल्या. समोरासमोर बसून पुरुष मन मोकळं करत नाही, शेजारी उभं राहून लाकूड तासताना करतो, असा त्यामागचा विचार. आमच्याकडे तो विचार अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका मावशींना आपोआप सुचला. त्यांनी दर मंगळवारी दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांसाठी मागून घेतली आणि सांगितलं, येताना जुनी लुगडी आणि सुई-दोरा आणा, वाकळ शिवायची आहे.

वेळ अशी निवडली की जोहर झालेली असते, असर व्हायची असते आणि धारांनाही अवकाश असतो. अम्मी तरीही म्हणाली, "मैं कायकू जाऊं? वहाँ सब मर्दां बैठते." शेवटी शेजारच्या आक्का तिला हाताला धरून घेऊन गेल्या. मी सांगून ती गेली नसती.

पहिल्याच महिन्यात एक पेच आला. कुणीतरी म्हणालं, सुरुवात हरिपाठाने करू. आमच्या दोघी-तिघी गप्प झाल्या, उठून मात्र गेल्या नाहीत. मावशींनी ठरवलं, ज्यांना हरिपाठ म्हणायचा त्यांनी दीडला यायचं, वाकळ दोनला सुरू होईल. यावर ना चर्चा झाली, ना भाषण. पुढे रमजान आला तेव्हा हिंदू बायकांनी रोजेवाल्यांसमोर चहा नको म्हणून स्टोव्हच पेटवला नाही. अम्मीने त्यांनाच झापलं. रोजा आमचा आहे, तुम्ही का घसा वाळवून घेताय?

अम्मीला ऐकू कमी येतं, हेही तिथेच लक्षात आलं. घरी आम्हाला वाटायचं, ती विसरायला लागली आहे, विचारलं एक तर उत्तर देते दुसरंच. मावशींच्या लक्षात आलं की उजवीकडून बोललं तर ती बरोबर उत्तर देते, डावीकडून बोललं तर नुसती हसते. सीपीआरला नेऊन कान तपासले. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने बहिरेपण हे टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक धरलं आहे. कारण सरळ आहे, ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू बोलणंच सोडतो. आता तिच्या कानात यंत्र आहे. त्यातून शिट्टी वाजते म्हणून ती त्याला शिव्या देते. पण मंगळवारी ते न विसरता घालते. परवा फोनवर तिने मला गावातल्या तीन लग्नांच्या बातम्या दिल्या. गेल्या चार वर्षांत तिने मला एकही बातमी दिली नव्हती.

आता त्या खोलीवर संकट आहे. रस्त्याकडेची जागा आहे, दुकानगाळा काढून भाड्याने दिला तर उत्पन्न होईल, अशी कुजबुज आहे. केंद्रातल्या काही पुरुषांनाही मंगळवार खुपतो, कॅरमची दुपार बुडते म्हणून. मला त्यांचा राग येत नाही, त्यांनाही तेवढीच जागा आहे. पण पार, कट्टा, तालीम, सलून त्यांच्याकडे आहेतच की.

बायकांनी अर्ज केला आहे. खोली राहू द्या, आमची नावं वहीत घ्या आणि एक किल्ली आमच्याकडे द्या, अशा तीन मागण्या. खाली एकोणीस सह्या आणि अंगठे आहेत. अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिने सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, वहीतल्यासारखं वर रेघ मारून. ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. किल्ली सध्या तरी आण्णांच्या करदोट्याला बांधलेली आहे.