एक यंत्र, सहा प्रश्नपत्रिका

पेढीवर एखादे यंत्र विकत घेतले जाते तेव्हा ते एकदाच दारातून आत येते. बिल एक, पैसे एकदाच मोजलेले, रोजकीर्दीतील तारीखही एकच. सी. ए. इंटरमीजिएटच्या अभ्यासक्रमात मात्र तेच यंत्र सहा दारांनी आत शिरते. लेखाशास्त्र त्याचा घसारा काढते, कंपनी कायदा त्याचे आयुष्य ठरवतो, करांचा विषय त्यावरील सवलती मोजतो, कॉस्टिंगमध्ये त्याचा तासाचा दर निघतो, ऑडिटमध्ये ते खरोखर जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते आणि वित्त-व्यवस्थापन विचारते की ते मुळात घ्यावयास हवे होते काय? विद्यार्थी सहा पुस्तके पाठ करतो आणि यंत्र एकच होते, हे मात्र विसरतो.

सांगलीच्या गणपती पेठेत घाऊक मसाल्याची पेढी असलेल्या एका घरातील मुलगी मागील खेपेस या विसरण्यामुळेच राहिली, असे तिच्या आजोबांचे ठाम मत आहे. पहिल्या ग्रुपच्या तीन विषयांत तिला ४३, ४६ आणि ५२ गुण पडले. प्रत्येकी चाळिसाची अट पुरी झाली. पण तिन्ही मिळून ३०० पैकी १५० लागतात, आणि बेरीज १४१ वर थांबली. घरात कोणी रागावले नाही. व्यापारी घरात तोट्याचा बोभाटा करीत नाहीत. वडील एवढेच म्हणाले, की आणखी एक खेप दे, नाही जमले तर पेढी आहेच. मुलीला पेढीचा कंटाळा नाही. तथापि ‘आहेच’ हा शब्द तिला लागला. या वेळी तिने दोन्ही ग्रुप एकत्र द्यावयाचे ठरवले.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की या घरात संध्याकाळ मोठी असते. त्या वेळात तिने मोबाईलवरील एआयला हाताशी धरले. प्रारंभी तिने सगळ्या विषयांच्या प्रकरणांची यादी त्याला दिली आणि कशाचा संबंध कशाशी आहे तो तक्ता मागितला. क्षणार्धात तक्ता आला. बाण इकडून तिकडे, प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध! तिने तो छापून भिंतीवर लावला. चार दिवसांनी आजोबांनी त्यातील एक बाण बोटाने झाकून विचारले, तेव्हा तिला सांगता आले नाही. मुनीमजींनी जुळवलेली तेरीज मालकाला तोंडपाठ नसते, तसाच हा प्रकार.

आजोबांनीच मग वाट सुचवली. ‘‘बाळ, पुस्तकातले यंत्र राहू दे. आपले पाकिटे भरण्याचे यंत्र घे. त्याची एक नोंद सहा विषयांतून फिरवून आण, आणि तुझ्या त्या यंत्राला फक्त तपासायला सांग.’’

येथे वडिलांची हरकत आली, आणि ती रास्त होती. मुलीने वहीच्या पानाचा फोटो काढला होता. त्याच पानावर दोन गिऱ्हाइकांची उधारी आणि एका पुरवठादाराचा भाव होता. परीक्षा मुलीची, पण नावे दुसऱ्यांची. बाजारात पत ही अशीच राखली जाते, की एकाचा व्यवहार दुसऱ्याच्या कानी जात नाही. मग तो कान माणसाचा असो वा संगणकाचा. फोटो पुसला गेला. नावे वगळून, आकडे गोळाबेरीज करून, एवढीच माहिती बाहेर जाईल असे ठरले. या विषयावर आपल्या घरांतून जितके बोलले जावे तितके बोलले जात नाही.

आता नोंद अशी झाली. यंत्राची किंमत ५,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०,००० रुपये. खरेदी १ ऑक्टोबरची. मुलीने आधी स्वतः कागदावर लिहिले: प्राप्तिकरात घसारा १५ टक्के, म्हणून ५,९०,००० वर ८८,५०० रुपये. एआयने उत्तर न देता एकच प्रश्न केला, कारण तिने तशीच ताकीद दिली होती: जीएसटीचे ९०,००० तुम्ही इनपुट क्रेडिट म्हणून घेतले आहेत काय? घेतले असतील तर त्याच रकमेवर घसारा मिळत नाही. करांच्या एकाच प्रश्नपत्रिकेचे दोन अर्धे भाग, पण तिने ते दोन वेगळ्या वह्यांत उतरवले होते. तिने ५,००,००० धरून ७५,००० काढले. हा दुवा ती आता विसरणार नाही. तो तिने चुकून, मग सापडून मिळवलेला आहे.

पुढे मात्र एआय स्वतःच घसरले. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च १८२ दिवस होतात, १८० पेक्षा अधिक, सबब पूर्ण घसारा योग्य, असे त्याने खात्रीने सांगितले. आजोबा हसले. यंत्र १ ऑक्टोबरला आले हे खरे. पण थ्री-फेज वीजजोडणी होईपर्यंत ते गोणपाटाखाली झाकलेले होते. पहिले पाकीट १ जानेवारीला भरले गेले. वापराचे दिवस ९०. मग घसारा निम्मा, ३७,५०० रुपये. बिलावर ही तारीख नव्हती, पुस्तकातही नव्हती. ऑडिटच्या पुस्तकात ‘मालमत्ता केव्हा वापरात आली याचा पुरावा पाहावा’ अशा अर्थाचे जे वाक्य ती रटत होती, त्याचा उपयोग तिला त्या दिवशी कळला.

दुसरी घसरण अधिक सूक्ष्म होती. एआयने कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीतील १५ वर्षांचे आयुष्य या यंत्राला लावून दिले. जोडणी दिसावयास सुबक, परंतु पेढी भागीदारीची आहे, कंपनी नव्हे. आणखी एकदा त्याने पाकिटाची पिशवी आणि माल बाहेरगावी धाडण्याचे खोके, दोन्हींचा खर्च ‘पॅकिंग’ म्हणून शिल्लक मालाच्या किमतीत घातला. पिशवीवाचून मसाला विकताच येत नाही, म्हणून तिचा खर्च मालात; खोके हा वितरणाचा खर्च. शब्द एक म्हणून अर्थ एक, हा धोका सर्वांत मोठा. संबंध जोडण्याची हौस असलेल्या या साधनाला ‘येथे संबंध नाही’ असे म्हणणे जड जाते, असे दिसते.

आपल्याकडे स्वाध्यायाचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पृच्छना निराळी, अनुप्रेक्षा निराळी आणि आम्नाय निराळा. शंका विचारणे, मनात वारंवार चिंतन करणे आणि शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे, ही तीन कामे आहेत. एआय पृच्छनेस फार उत्तम सोबती ठरले. रात्री अकराला शंका विचारली तरी ते कंटाळत नाही. अनुप्रेक्षा ते करून देऊ शकत नाही. भिंतीवरचा तक्ता म्हणजे नेमका तोच प्रयत्न होता. एकाच वस्तूकडे अनेक नयांनी पाहावयास शिकवणाऱ्या परंपरेतील मुलीला हे निराळे समजावून द्यावे लागले नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले असता आजोबांनी आणखी एक खुसपट काढले. यंत्रासाठी ४,००,००० रुपयांचे कर्ज १० टक्क्यांनी, १ ऑक्टोबरलाच घेतलेले होते. यंत्र झाकलेले असतानाच्या तीन महिन्यांचे व्याज १०,००० रुपये. ते कोठे गेले?

मुलीने एआयला विचारण्यापूर्वी कागद ओढला. प्राप्तिकरात यंत्र वापरात येईपर्यंतचे व्याज खर्च म्हणून वजा मिळत नाही, ते किमतीत मिळवावे लागते. म्हणजे मूळ रक्कम ५,१०,००० आणि निम्मा घसारा ३८,२५०. तिचे ३७,५०० चुकले होते. मग तिने लेखामानक १६ काढले. तेथे तयार होण्यास बराच काळ, सर्वसाधारणपणे बारा महिने, लागणाऱ्या मालमत्तेचेच व्याज किमतीत धरतात. तयार यंत्र केवळ विजेसाठी थांबले होते, तेव्हा हिशेबाच्या वहीत तेच १०,००० व्याजखर्चात जातात. एआयने दोन्हीकडे एकच उत्तर दिले. तिने त्याला मानकातील अट दाखवली, तेव्हा ते लगेच कबूल झाले. आणि आजोबांना त्याच्या चुकीपेक्षा या तत्परतेचीच अधिक काळजी वाटली.

कागदावर मधोमध रेघ मारून तिने डावीकडे ‘कर’ आणि उजवीकडे ‘वही’ असे लिहिले. कॉस्टिंगसाठी तिसरा रकाना लागेल काय, यावर आजोबा-नातीचा वाद चालू असतानाच वडील पेढी बंद करून आले, आणि तेही कागदावर वाकले.