आठवड्याचे वीस तास

परदेशी शिकायला जायचं ठरलं की आमच्या कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पार्ट टाइम करेल की, खर्च तिकडेच निघेल.’ मला ते शेजाऱ्यांनी ऐकवलं, मामांनी ऐकवलं, कागदपत्रं करून देणाऱ्या सल्लागाराने तर आकडेमोडीसकट ऐकवलं. मामांनी पांडुरंग खानखोज्यांचा दाखला दिला. वर्ध्याचा मुलगा अमेरिकेत मजुरी करून शेतीशास्त्र शिकला, मग तुला काय अवघड आहे? खानखोजे गेले शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. त्यांच्या हाताला फोड आले असतील, पण आठवड्यात किती तास राबलात हे व्हिसाच्या कायद्याने त्यांना विचारलं नव्हतं.

बाबा एसटीत वाहक, विठ्ठलवाडी डेपोत. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात आईने उल्हासनगरहून जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणून घर चालवलं. साठवलेलं सगळं तेव्हाच संपलं होतं. त्यामुळे माझं शिक्षण उभं राहिलं ते कर्जावर, आणि त्या कर्जाच्या हिशेबात ‘पार्ट टाइम’ अशी एक ओळ जमेच्या बाजूला लिहिलेली होती.

ब्रिटनच्या व्हिसाच्या कागदांत मात्र त्या ओळीला जागा नव्हती. लंडनबाहेर शिकणाऱ्याला तेव्हा राहण्या-खाण्यासाठी महिन्याला १,०२३ पौंड, असे नऊ महिन्यांचे ९,२०७ पौंड दाखवावे लागत. म्हणजे साडेनऊ लाखांच्या घरातली रक्कम, फी वेगळी. तिथे जाऊन कमवेन ते पैसे यात धरत नाहीत. ज्या सरकारने काम करायची परवानगी दिली, तेच सरकार त्या कमाईवर भरवसा ठेवू नका म्हणत होतं. आम्ही घरी नेमका त्याच कमाईवर भरवसा ठेवत होतो.

सप्टेंबर २०२३मध्ये मी लेस्टरला एमएस्सीसाठी पोचले. पोस्टातून जे ओळखपत्र मिळालं त्यावरच छापलं होतं, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम. गोदामात पॅकिंगचं काम मिळालं. कामावर घेणाऱ्या एजन्सीने आधी विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचं पत्र मागितलं. ते मागणं त्यांना बंधनकारक असतं, कारण सत्र संपलं की सुट्टीत पूर्ण वेळ काम चालतं.

वीस तास म्हणजे सरासरी वीस नव्हे. या आठवड्यात बारा आणि पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस असं जमत नाही. अठ्ठावीसच्या आठवड्यात नियम मोडला. आठवडाही सोमवार ते रविवार असाच मोजायचा. आमच्या गोदामाचा पगाराचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर सगळं ठीक दिसे आणि व्हिसाच्या हिशेबाने रविवारची पाळी भलत्याच आठवड्यात जाऊन बसे. मी वहीत तास लिहून ठेवायचे. पाळ्या वाटणाऱ्या बाईंना दोनदा नाही म्हणायला जड जायचं, कारण नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी पाळी उशिरा विचारतात.

तेव्हा किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं. वीस तासांचे २०८ पौंड आणि काही पेन्स. त्यात खोलीचं भाडं निघे, किराणा निघे, बसचा पास निघे. कर्जाचं व्याज त्यातून कधीच निघालं नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं.

सर्वांत जास्त चटका बसला तो दिवाळीत. तिथल्या काही मराठी घरांनी विचारलं, चकल्या आणि करंज्या करून देशील का, पैसे देऊ. आईच्या हाताखाली शिकलेलं हे काम मला गोदामापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. विद्यापीठातल्या सल्लागार बाईंनी स्पष्ट सांगितलं की विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, वीस तासांच्या आतही नाही. मग मी विचारलं, कल्याणच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेतली आणि पैसे बाबांच्या खात्यात आले तर? तेही नाही. पैसे कुठे जमा होतात यावर ते ठरत नाही. तुम्ही ब्रिटनमध्ये बसून काम करता ना, मग ते ब्रिटनमधलं काम. एखाद्या संस्थेत ठरलेल्या पाळीने बिनपगारी काम केलं तर तेसुद्धा त्या वीस तासांत मोजलं जाऊ शकतं. आमच्याकडे ज्या घरात बाई डबे करत नाही किंवा साडीला फॉल लावत नाही, असं घर शोधावं लागतं. तिथून गेलेल्या मुलीला हा नियम समजायला वेळ लागतो, आणि निघण्याआधी तो मला एकानेही सांगितला नव्हता.

वीस तासांच्या पलीकडचं कामही मिळतं, रोख पैशांत. माझ्या ओळखीचा एक मुलगा एका खाद्यपदार्थांच्या दुकानात असा रात्री राबायचा, तासाला सहा पौंडांवर. दोन महिन्यांचे पैसे मालकाने दिलेच नाहीत. तक्रार करायची तर आधी स्वतः नियम मोडल्याचं सांगावं लागणार, आणि मग व्हिसा धोक्यात. फेब्रुवारी २०२४पासून बेकायदा काम देणाऱ्या मालकाला पहिल्याच वेळी माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्या मुलाकडे घालवायला होतं ते त्याच्या वडिलांनी गहाण ठेवलेलं घर. मला वीस तासांची मर्यादा अन्यायाची वाटत नाही; ती नसती तर आमच्यातले निम्मे वर्गात दिसले नसते. अन्याय आहे तो इथे, की नियम मोडल्याची भीती सगळी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते आणि त्या भीतीवर दुसरा कोणीतरी कमावतो.

जूनमध्ये माझ्यासोबत भाड्याच्या घरात राहणारी पदवीची मुलगी त्याच गोदामात आठवड्याला चाळीस तास करू लागली. मी वीसच. एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, आणि प्रबंधाचा काळ सत्रातच धरतात. कागदपत्रं करून देणाऱ्या सल्लागाराच्या आकडेमोडीत ते तीन-चार महिने पूर्ण पगाराचे होते. बाबांनी फोनवर विचारलं, “डबल ड्यूटी मिळत नाही का गं?” मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, तसे मला वीस.” ते थोडा वेळ गप्प राहिले. “मग तास पाळ. बिल्ला गेला तर वाहक कसला? व्याजाचं मी बघतो.” त्यांनी ते कसं बघितलं, हे मला परत आल्यावर आईकडून कळलं.

शिक्षणानंतरच्या व्हिसासाठी तेव्हा ८२२ पौंड फी आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार २,०७० पौंड, सगळे आधी भरायचे होते. मी परत आले. आता ऐरोलीत नोकरी आहे.

हल्ली लोक विचारायला येतात. प्रत्येक देशाचं माप वेगळं. कॅनडात नोव्हेंबर २०२४पासून सत्रात आठवड्याला चोवीस तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला अठ्ठेचाळीस, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, अमेरिकेत पहिलं वर्ष फक्त विद्यापीठाच्या आवारातच काम. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या एमएस्सीवाल्यांना नंतरचा व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. मी आधी त्यांची आकडेमोड मागते आणि जमेच्या बाजूची ‘पार्ट टाइम’ची ओळ खोडते. मग उरलेली बेरीज त्यांनाच करायला लावते.

गेल्या महिन्यात शेजारचे काका मुलीच्या जर्मनीचा हिशेब घेऊन आले होते. तिथे व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो वेगळ्या खात्यात आधीच भरून ठेवावे लागतात, ते त्यांनी धरले होते. दुसऱ्या वर्षाचा खर्च मात्र सगळा मुलीच्या कामावर टाकला होता. ती ओळ खोडल्यावर रक्कम बरीच कमी पडली. काका चिडले, मुलगी रडवेली झाली, आई दोघांसाठी चहा टाकायला आत गेली. शेवटी असं ठरलं की मुलगी आधी एक वर्ष इथेच नोकरी करेल, कर्ज थोडं वाढवून मागायचं आणि प्रवेश पुढच्या ऑक्टोबरचा घ्यायचा.