चौफेर अवधान

द्रोणाचार्यांनी झाडावरील पक्ष्यावर नेम धरावयास सांगितले, तेव्हा अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही. दिसला तो केवळ पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा घरोघरी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अर्जुनापुढचा पक्षी कृत्रिम होता. तो फांदीवरून हलणार नव्हता. ज्याचे लक्ष्य क्षणोक्षणी जागा बदलते, आणि ते परतवून लावण्यासाठी ज्याच्यासमोर दुसरा गडी सज्ज असतो, त्याला एवढी एकाग्रता पुरेल काय? बॅडमिंटनच्या खेळाडूपुढे हा प्रश्न प्रत्येक फटक्याला उभा राहतो.

हा खेळ दिसावयास सोपा. ४४ फूट लांबीचे कोर्ट, एकेरीसाठी त्याची रुंदी १७ फूट, मधोमध पाच फूट उंचीची जाळी आणि सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे फूल! एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यामुळे काही काळ तो पुण्याच्याच नावाने ओळखला जाई. नवखा खेळाडू कोर्टावर उतरला, की त्याचे सारे चित्त फुलाला चिकटते. फूल वर गेले की नजर वर, फूल खाली आले की नजर खाली. त्याचा फटका चुकत नाही. परंतु प्रतिस्पर्धी जेथे उभा असतो, नेमके तेथेच तो फूल परत पाठवितो. कोणी ही चूक दाखविली, तर तो मान वळवून प्रतिस्पर्ध्याकडे पाहू लागतो आणि फूल रॅकेटला न लागताच भुईवर पडते. फुलाकडे पाहावे तर माणूस निसटतो. माणसाकडे पाहावे तर फूल निसटते!

यातून वाट आहे, आणि ती मनुष्याच्या डोळ्याच्या रचनेतच आहे. डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. बारीक तपशील स्पष्ट दिसतो तो त्याच्याच योगाने. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर साधारणपणे त्याच्या नखाएवढाच भाग एका वेळी अगदी स्वच्छ दिसतो. भोवतालचे सारे अंधुक असते. परंतु हे अंधुक क्षेत्र फार विस्तीर्ण आहे. नजर समोर रोखून दोन्ही हात बाजूंना पसरावेत आणि बोटे हलवावीत. बोटे किती, हे सांगता येत नाही. पण ती हलत आहेत, हे तत्काळ कळते. नजरेची कड तपशील टिपत नाही, हालचाल टिपते. खेळाडूला तरी प्रतिस्पर्ध्याविषयी दुसरे काय हवे असते? तो पुढे सरकला की मागे, डावीकडे झुकला की उजवीकडे, एवढेच.

तेव्हा उणीव असते ती दृष्टीची नव्हे, अवधानाची. सरावाने डोळा मोठा होत नाही. परंतु कडेला जे दिसते, त्याची दखल घेण्याची सवय मनाला लावता येते. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष पुरविणाऱ्यास अष्टावधानी म्हणतात. बॅडमिंटनच्या खेळाडूला दोन-तीन अवधाने साधली, तरी पुष्कळ झाले.

त्यासाठी सराव साधाच आहे. जोडीदाराने फूल उंच उडवावे आणि लगेच डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. खेळाडूने नजर फुलावरून न काढता, फटका मारण्यापूर्वीच ‘डावीकडे’ वा ‘उजवीकडे’ असे मोठ्याने सांगावे, आणि मग रिकाम्या बाजूला फूल धाडावे. आरंभी बऱ्याच वेळा उत्तर चुकते. हळूहळू ते बरोबर येऊ लागते. दुसरा अभ्यास पायांचा. कोर्टाच्या मध्यापासून मागची रेषा किती पावलांवर आहे, हे पायांना पाठ झाले, की रेषा शोधण्यासाठी डोळे खर्ची पडत नाहीत. प्रत्येक फटक्यानंतर मध्याकडे परतावे, मान वर असावी, रॅकेटही वर असावी. खाली पाहणाऱ्याला अर्धे कोर्ट दिसतच नाही.

निष्णात खेळाडू तर फूल उडण्याआधीच पुष्कळ काही जाणतात. ॲबरनेथी व रसेल या संशोधकांनी खेळाच्या चित्रफिती फटक्यापूर्वीच थांबवून, फूल कोठे पडेल, असे खेळाडूंना विचारले. त्यांचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. नवखे खेळाडू केवळ रॅकेटच्या हालचालीवरून अंदाज बांधीत. निष्णात खेळाडू रॅकेटबरोबर प्रतिस्पर्ध्याच्या हाताची हालचालही वाचीत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर मनगटी फटक्यांनी प्रतिस्पर्ध्याला चकविण्यात वाकबगार होते. १९५६ साली क्वालालंपूर येथे त्यांनी अजिंक्यपद मिळविले. बॅडमिंटनमध्ये परदेशी विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा या खेळातील पहिला मानही त्यांनाच लाभला. चकवावयाचे तर प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे ठाऊक असावे लागते. ज्याला समोरचा माणूस दिसत नाही, तो चकविणार कोणाला?

सामना अटीतटीला आला, की हे अवधान आक्रसते. छाती धडधडते, जगात फुलावाचून काहीच उरत नाही. अशा वेळी क्षणभर थांबून एक दीर्घ श्वास घ्यावा आणि चारही कोपरे मनात आणावेत.

खरी कसोटी लागते ती दुहेरीत. फूल दोन सोबत्यांच्या मध्ये येते. दोघांनीही ते पाहिलेले असते, दोघेही तेथे पोहोचू शकतात. तरी ते भुईवर पडते किंवा दोन रॅकेटी एकमेकींवर आपटतात. फूल दोघांना दिसले, सोबती मात्र कोणालाच दिसला नाही! पुढे उभ्या असलेल्याने मागे वळून पाहणेही धोक्याचे. वेगाने येणारे फूल डोळ्याला इजा करू शकते. मागचा सोबती दिसत नाही, म्हणून त्याची पावले ऐकावी लागतात, त्याची सवय ओळखावी लागते, त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. ज्या जोडीला हे साधले, तिच्या मधोमध फूल आले की ‘माझे!’ असा आवाज उठतो, आणि तो एकच असतो.