ताण की दाब?

आपल्या हॉस्टेलवर 'टेन्शन' हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. सबमिशनचं टेन्शन, व्हायवाचं टेन्शन, मेसच्या भाजीचं टेन्शन! मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत ताण वेगळा आणि दाब वेगळा हे मला कळलं ते आमच्या दादाच्या गाडीमुळे.

दादाने टिटवाळ्याला जुनी ऑक्टाव्हिया आरएस आणली. ही गाडी औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. 1781 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती, 210 न्यूटन-मीटर टॉर्क. पण दादाचं समाधान होईना.

"अगं, मोठा टर्बो टाकतो. दोन वर्षं पैसे साठवलेत. तू मेकॅनिकलची ना? सांग, चालेल का?"

आई आतून म्हणाली, "ह्याच गाडीतून मला नाशिकला नेणार आहेस ना रे?"

झालं! मी वही काढली.

टर्बो करतो काय, तर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा धक्का. तो धक्का पिस्टनकडून क्रँकशाफ्टकडे नेतो तो कनेक्टिंग रॉड. या पिस्टनचा व्यास 81 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 51.5 चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब समजा 80 बार धरला, तर पिस्टनवर सुमारे 4200 किलोचा भार येतो. गणपतीच्या गावची मुलगी मी, हत्तीतच मोजणार! म्हणजे एक मोठा हत्ती. दाब 120 बार झाला की दीड हत्ती. आणि 3000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 25 वेळा!

आमच्याकडे अंगारकीला जादा गाड्या सोडल्या तरी स्टेशनचा जिना तेवढाच रुंद असतो. टर्बो म्हणजे जादा गाड्या, रॉड म्हणजे जिना.

या 1.8 टर्बो इंजिनाचे मूळचे रॉड बारीक, हे जगभरच्या ट्यूनर लोकांना माहीत आहे. टॉर्क 400 न्यूटन-मीटरच्या आसपास गेला की ते सावध होतात. कंपनीने रॉड 210 साठी दिले होते, त्यात तिचा काय दोष?

पण खरी गंमत पुढे आहे. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून ओढा, काही होत नाही. तीच टोकांनी दाबा, लगेच वाकते. रॉडचंही तसंच. आरपीएम वाढले की पिस्टन वरच्या टोकाला रॉडला ओढतो, तो ताण. बूस्ट वाढला की स्फोट रॉडला चेपतो, तो दाब. जोरात पळणाऱ्या इंजिनात वरचा ओढा स्फोटाच्या दाबातून थोडा वजा होतो. कमी आरपीएमला ही वजाबाकी फारशी मिळत नाही. म्हणून 2500 आरपीएमला एकदम भरपूर बूस्ट देणं हे रॉडला जास्त धोक्याचं. त्यात नॉकिंग झालं, की मग विचारूच नका! वाकलेला रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

मी दादाला सांगितलं, "आधी जाड एच-बीम रॉड, नवे बोल्ट, नवे बेअरिंग. मग टर्बो. आणि बूस्ट हळूहळू चढेल असं ट्यूनिंग."

"म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं? मग टर्बोला पैसे कुठे उरतात?"

"नाही उरत."

आठवडाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग गॅरेजवाल्या काकांना जाऊन भेटला. काका म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. टर्बो बॉनेट उघडल्यावर दिसतो, मित्रांना दाखवता येतो. रॉड कोणाला दाखवणार?"

शेवटी दादाने रॉडच घेतले. टर्बो अजून जुनाच आहे. गाडी पूर्वीइतकीच पळते, मित्र हसतात, आणि आई नाशिकला जाऊन आली.

मित्रांनो, बूस्ट द्यायला सगळे तयार असतात. क्लासवाले, सिनिअर्स, घरचे, सगळेच. आत रॉड किती जाडीचा आहे ते मात्र ज्याचं त्यानेच मोजायचं. पुढच्या वेळी कोणी 'टेन्शन आलंय' म्हणालं, तर एवढंच विचारा, ताण की दाब?