नव्वद टक्के हिरवं

जानेवारीतली शनिवारची रात्र. पावणेदोन वाजले असतील. दिल्लीची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी दोन रजया, एक हीटर आणि तरीही गार पडलेली पावलं एवढं डोळ्यांसमोर आणावं. फोन वाजला. आमच्या कंपनीच्या मदत केंद्रातला मुलगा होता. "मॅम, आप पहाडगंज में ही रहती हैं ना? एक फॅमिली होटल के काउंटर पर खडी है. सिर्फ मराठी बोल रहे हैं. होटलवाला कहता है बुकिंग है ही नहीं."

मी नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंजच्या बाजूला, आराकशान रोडच्या मागच्या गल्लीत राहते. नूतन मराठी शाळा याच रस्त्यावर आहे, त्यामुळे सकाळी खिडकीतून कधीकधी मराठी ऐकू येतं. बाकी दिवसभर हॉटेलांचे दलाल, सायकलरिक्षा आणि पाठीवर बोजा घेतलेले परदेशी प्रवासी. नोकरी नोएडाला. रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनवरून ब्लू लाइन पकडायची. काम असं, की हॉटेलच्या खोल्या फोनवरून बुक करायचं जे ॲप आहे, त्याचा प्रोग्राम नीट चालतो की नाही ते तपासायचं. म्हणजे ज्या बुकिंगचा घोळ झाला होता, ते तपासणारी मीच!

शाल गुंडाळून गेले. काउंटरसमोर सत्तरीचे आजोबा, आजी आणि त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू. गाडी उशिरा आलेली. आजोबांची सोमवारी सकाळी मोठ्या सरकारी रुग्णालयात तपासणी होती, म्हणून एक दिवस आधी आलेले. आजोबांनी मोबाइल पुढे केला. त्यावर आमच्याच ॲपचा निरोप, हिरव्या टिकचिन्हासकट: तुमची खोली निश्चित झाली आहे. पैसेही कापलेले. हॉटेलच्या रजिस्टरात मात्र नावाचा पत्ता नाही आणि सगळ्या खोल्या भरलेल्या.

"पोरी, आमचं काही चुकलं का गं?" आजींनी विचारलं.

मी त्यांना घरी घेऊन आले. आजींना माझा पलंग दिला, आजोबा आणि नातू दिवाणावर. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले.

आता थोडं कामाचं सांगते. घाबरू नका, घरातल्याच गोष्टींनी सांगते.

प्रोग्राम लिहिताना काही ठिकाणी गडबड होऊ शकते हे आधीच माहीत असतं. इंटरनेट तुटेल, समोरचा संगणक उत्तर देणार नाही. अशा गडबडीला एक्सेप्शन म्हणतात. जाव्हा या भाषेत त्याची सोय अशी असते: 'ट्राय' या भागात काम करून बघा, बिघडलं तर 'कॅच' या भागात जा आणि सावरा. गाडीतल्या स्टेपनीसारखं समजा. रोज लागत नाही, पण लागते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

आम्ही तपासणारे प्रोग्रामवर चाचण्या चालवतो आणि मग एक अहवाल निघतो, त्याला कव्हरेज म्हणतात. चाचणीत प्रोग्रामच्या ज्या ओळी चालल्या त्या हिरव्या, ज्या चालल्याच नाहीत त्या लाल, अर्धवट त्या पिवळ्या. आमच्याकडे नियम होता, नव्वद टक्के हिरवं असल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. ऐकायला किती छान! पण हा अहवाल म्हणजे शाळेचा हजेरीपट आहे. पोरगं वर्गात होतं एवढंच त्यातून कळतं. त्याला गणित समजलं का, हे हजेरीपट कसा सांगणार?

त्या रात्री मी जी ओळ शोधून काढली ती हिरवीगार होती. आमचा प्रोग्राम आधी पाहुण्याला 'खोली निश्चित' असं कळवायचा, मग हॉटेलच्या संगणकाला निरोप पाठवायचा. तो निरोप पोहोचला नाही तर कॅचमध्ये जायचं. तिथे काय असायला हवं? बुकिंग रद्द, पैसे परत, पाहुण्याला निरोप. तिथे होतं काय? 'निरोप गेला नाही' अशी एक नोंद आतल्या वहीत करायची, बस. आणि माझी चाचणी काय करत होती? मुद्दाम निरोप अडवायची आणि ॲप बंद पडलं नाही ना, एवढंच बघायची. ॲप बंद पडलं नाही. कॅचमधली ती एकुलती एक ओळ चालली, म्हणून हिरवी झाली. स्टेपनी डिकीत आहे असं मी लिहून दिलं होतं, तिच्यात हवा आहे का ते पाहिलंच नव्हतं.

याहून लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी पूर्ण दोन दिवस घालवले होते ते काही लाल ओळींवर, आणि त्या ओळी खरं तर चालत होत्या.

हे कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. आम्ही वापरतो ते साधन जाकोको नावाचं आहे, जाव्हावाल्यांच्या घराघरातलं. ते प्रत्येक सूचनेवर नजर ठेवत नाही. वाटेत ठरावीक ठिकाणी खुणेची ठाणी बसवतं, आणि पुढचं ठाणं ओलांडलं की मागचा टप्पा पार झाला असं धरतं. समजा, झेलम एक्स्प्रेस ग्वाल्हेरहून निघाली आणि आग्र्याच्या अलीकडे बंद पडली. आग्र्याच्या स्टेशनात नोंद नाही, म्हणून हे साधन म्हणणार, ग्वाल्हेरच्या पुढे गाडी गेलीच नाही. एक्सेप्शन म्हणजे नेमकी अशी मध्येच थांबलेली गाडी. ज्या ओळीने बोलावलेलं दुसरं काम गडबड जाहीर करून मध्येच थांबतं, ती ओळ चालूनही लाल दिसू शकते, कारण तिच्या पुढचं ठाणं कधी येतच नाही.

पिवळ्या ओळींचीही एक गंमत आहे. जाव्हात 'फायनली' नावाचा भाग असतो: भाजी चांगली होवो की करपो, शेवटी गॅस बंद करायचाच. आपण ही सूचना एकदाच लिहितो. पण आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ती एकदा चांगल्या भाजीच्या वाटेवर लिहितो, एकदा करपलेल्या. चाचणीत भाजी करपलीच नाही, तर दुसरी प्रत कोरी राहते आणि आपली ओळ पिवळी दिसते. २०१८ साली जाकोकोची ०.८.० ही आवृत्ती आली, तेव्हापासून अशा कंपायलरने वाढवलेल्या प्रती बऱ्याचशा गाळल्या जातात. आमच्याकडे जुनीच आवृत्ती होती. कोण बदलणार? चालतंय ना!

तर लाल-पिवळ्यामागे धावताना आम्ही हिरव्याकडे पाहिलंच नाही.

हे फक्त आमच्यासारख्यांचं होतं असं नाही. टोरांटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली पाच मोठ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालींमधले १९८ बिघाड तपासले. त्यातल्या ज्या बिघाडांनी अख्खी प्रणाली कोसळली, त्यांपैकी ९२ टक्क्यांचं मूळ एकच होतं: प्रोग्रामने चूक ओळखली होती, पण ती सावरताना घोळ घातला होता. काही ठिकाणी तर कॅच रिकामा, किंवा 'हे नंतर करू' अशी टीप लिहून सोडलेला. मी ते वाचलं तेव्हा गालावर कुणीतरी चापट मारावी तसं झालं.

आणि युरोपच्या एरियन ५ या अग्निबाणाची गोष्ट ऐका. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण. जेमतेम चाळीस सेकंदांत आकाशात तुकडे झाले, चार उपग्रहांसकट. एक मोठी संख्या छोट्या जागेत मावली नाही आणि एक्सेप्शन आलं. ते आल्यावर काय करायचं, हे ठरलेलं होतं: संगणक बंद करायचा. तो बंद झाला. त्याचा जोडीदार, राखीव म्हणून ठेवलेला, तोही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद झाला होता. सावरण्याची ओळ अगदी सांगितल्याप्रमाणे चालली होती हो!

रविवारी दुपारी माझे काका आले. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे, काका करोलबागेत गलाईच्या धंद्यात. आमच्याकडची कितीतरी घरं सोनं गाळायला देशभर पांगली, त्यातलंच एक. आजोबांशी त्यांच्या गावाकडच्या गप्पा झाल्या. मग मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "रंग बघून माल घेतलास की. आम्ही दागिना वितळवतो, तेजाबात टाकतो, मग बोलतो."

सोमवारी ऑफिसात मी तेच करायला घेतलं. त्यालाही आमच्याकडे नाव आहे, म्यूटेशन टेस्टिंग. तांदूळ निवडणाऱ्याची नजर पाहायची तर मुद्दाम खडा टाकायचा, तसं प्रोग्रामात मुद्दाम मोडतोड करायची आणि चाचण्या ओरडतात का ते बघायचं. मी कॅचमधली ती ओळच पुसून टाकली. एकही चाचणी ओरडली नाही. मग एकेक चाचणी नव्याने लिहिली: निरोप अडला तर बुकिंग रद्द झालं का? पैसे परतीला लागले का? पाहुण्याला कळलं का? नुसत्या हजेरीच्या चाचण्या काढून टाकल्या. आकडा एक्क्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आला. साहेबांनी विचारलं, "हे काय, कव्हरेज घसरलं कसं?" मी त्यांना आजींचा प्रश्न सांगितला. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, दोन आठवडे दिले.

आजोबांची तपासणी झाली, गोळ्या बदलून दिल्या, तीन महिन्यांनी परत बोलावलं. जाताना आजींनी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ओट्यावर ठेवली. चूक माझी होती हे मी त्यांना निघायच्या आदल्या रात्री सांगितलं. त्यांना ट्राय-कॅच काही कळलं नसावं. "मग आता दुरुस्त केलंस ना?" एवढंच म्हणाल्या.

परवा नातवाचा फोन आला. एप्रिलमध्ये परत यायचंय, त्याच ॲपवरून खोली घेऊ का ताई? मी म्हटलं, घे. पण पैसे भरलेस की हॉटेललाही एक फोन टाक.