शीड कुणी विणलं?

मैत्रिणींनो, 'व्हायकिंग' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? शिंगांचं शिरस्त्राण घातलेला, दाढीवाला, हातात कुऱ्हाड घेतलेला धिप्पाड माणूस, होय ना? कोपनहेगनच्या बाजारात याच माणसाच्या बाहुल्या, कपबशा आणि टोप्या ढिगाने मिळतात. गंमत अशी, की ही शिंगं मुळी खोटी आहेत. १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीतिकेसाठी पोशाख करणाऱ्याने ती पात्रांच्या डोक्यावर चढवली, आणि ती तिथेच चिकटून बसली. १९४३ साली नॉर्वेत एक खरंखुरं शिरस्त्राण सापडलं, ते अगदी साधं, उपड्या वाटीसारखं. पुढे डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी. शिंग औषधालाही नाही!

तुम्ही म्हणाल, ही बाई कोपनहेगनला पोचली कशी? तर माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. आईचे गुडघे इतक्या लांबच्या प्रवासाला तयार होईनात, तेव्हा २०२४ च्या एप्रिलअखेर मीच गेले. मुलांकडे बघायला सासूबाई होत्या, आणि 'ह्यां'नी चक्क कुकर लावायला शिकून घेतलं. मेच्या पहिल्या आठवड्यात बाळ झालं. पुढचा महिना शेक-शेगडी, न्हाऊ-माखू, डिंकाचे लाडू यात कसा गेला ते कळलंच नाही. जून उजाडला तशी बहीण म्हणाली, "ताई, आता आमचं आम्हाला जमतंय. तू जरा हिंडून ये, नाहीतर परत गेल्यावर म्हणशील, युरोपात जाऊन लंगोटच धुतले."

कुठे जायचं ते माझ्या मनात ठरलेलं होतं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि इंग्रजी. गेल्या वर्षी युरोपच्या दर्यावर्दी लोकांबद्दल अवांतर बोलत होते. इसवी सन ७९३ मध्ये इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांनी हल्ला केला, तिथपासून १०६६ पर्यंत त्यांनी उत्तर युरोप कसा हादरवून सोडला, वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळे पुरुष बोटीत बसून गेल्यावर घरी कोण होतं हो?" शोधून सांगते, असं मी तिला म्हटलं होतं.

कोपनहेगनहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत रोस्किल्ड येतं. गाव टुमदार. टेकडीवर डेन्मार्कच्या राजा-राण्यांच्या समाध्या असलेलं विटांचं भव्य चर्च आहे, आणि खाली खाडीच्या काठाला व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय. इथे पाच जहाजं ठेवली आहेत. अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवण्यासाठी रोस्किल्डच्या लोकांनी ती दगड भरून खाडीत मुद्दाम बुडवली होती. १९६२ मध्ये पाणी अडवून, चिखल धुऊन, त्यांचे हजारो तुकडे बाहेर काढले आणि काळ्या लोखंडी सांगाड्यावर एकेक करून बसवले. जिथे लाकूड मिळालं नाही तिथे नुसता सांगाडा. मला ते आवडलं. आहे तेवढंच दाखवायचं, उगाच भर घालायची नाही.

बाहेरच्या धक्क्यावर जुन्या पद्धतीने नवी जहाजं बांधतात. ताज्या डांबराचा वास सगळीकडे भरलेला असतो. उन्हाळ्यात पाहुण्यांना छोट्या होडीतून खाडीत नेतात, पण वल्ही मात्र आपणच मारायची! पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून मीही मारली. दहा मिनिटांत खांदे भरून आले. मग नावाड्याने शीड वर चढवलं, वारा भरला, आणि सगळ्यांनी हुश्श करून वल्ही आत घेतली. शेजारच्या एका आजींनी खुणेनेच मला शिडाकडे बोट दाखवलं आणि हसल्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्या शिडाकडे नीट पाहिलं, आणि त्या मुलीचं उत्तर मला तिथेच लटकलेलं दिसलं.

व्हायकिंगांची शिडं लोकरीची असत, आणि लोकरीचं काम बायकांचं. तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांना दुहेरी लोकर असते. वरचे केस लांब नि चिवट, आतली लोकर मऊ नि उबदार. दोन्ही वेगळी करायची, पिंजायची आणि टकळीवर सूत काढायचं. चरखा नाही हं! चरखा युरोपात पोचला तो व्हायकिंगांचा काळ संपल्यावर. मग ते सूत उभ्या मागावर लावायचं. भिंतीला टेकवलेला माग, आणि उभे धागे ताठ राहावेत म्हणून त्यांना खाली दगडाची नाहीतर भाजलेल्या मातीची वजनं बांधलेली. विणणारी बाई दिवसभर उभी. कापड झालं की वारा आरपार जाऊ नये म्हणून त्यावर चरबी आणि डांबराचा हात.

रोस्किल्डच्या मालवाहू जहाजाची लांबी १६ मीटर. त्याच्या शिडाचा अंदाज ९० चौरस मीटर. म्हणजे आपल्या साधारण चौदा पाचवारी साड्या जोडल्या तर होईल एवढं. ऐकायला फार वाटत नाही. पण त्यासाठी लागणारं सूत शंभर किलोमीटरच्या वर जातं. पुण्याहून साताऱ्यापर्यंतचा धागा, आणि तो सगळा टकळीवर, चुलीवरचं बघता बघता, पोराला मांडीवर घेऊन काढलेला! जुन्या पद्धतीने अशी शिडं विणून बघणाऱ्या अभ्यासकांचा हिशेब आहे, की एकटीने करायचं म्हटलं तर यात काही वर्षं जातात. जहाजाचं लाकूड कापायला, ठोकायला त्यामानाने कमी वेळ लागे. तरी इतिहासाच्या पुस्तकात जहाज बांधणाऱ्याचं कौतुक असतं, आणि शीड जणू आपोआप फडफडत असतं. आपल्या घरातल्या निवडलेल्या तांदळासारखंच की हे!

इथवर मला फार बरं वाटत होतं. पण त्याच दालनात ३० मीटर लांबीचं एक युद्धनौकेचं धूड आहे. त्याच्या लाकडाची तपासणी केली तेव्हा कळलं, की ते डेन्मार्कचं नव्हेच. १०४२ च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिनला, तिथल्या ओकच्या लाकडात ते बांधलं होतं. डब्लिन हे व्हायकिंगांनीच वसवलेलं व्यापारी ठाणं, आणि तिथला एक मोठा व्यापार होता माणसांचा. हल्ला करायचा, सोनंनाणं लुटायचं आणि तरुण माणसं बांधून न्यायची. त्यांत बायका पुष्कळ. आइसलंडमधल्या आजच्या लोकांच्या आनुवंशिक तपासण्या झाल्या आहेत. त्यांत असं निघालं, की तिथे वस्ती करणारे मूळ पुरुष बहुतेक नॉर्वेकडचे, पण मूळ बायकांपैकी निम्म्याहून जास्त आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. त्यातल्या काही लग्न होऊन गेल्या असतील. पण सगळ्या काही राजीखुशीने गेल्या नसणार, हे सांगायला तपासणी कशाला हवी?

म्हणजे बघा, एका बाईने वर्षानुवर्षं खपून शीड विणलं, आणि त्याच शिडाखाली दुसरी बाई हात बांधून आणली गेली. आली ती बहुधा तिच्याच घरी, जातं ओढायला आणि लोकर पिंजायला. त्या दोघींचं एकमेकींशी काय बोलणं होत असेल? मी बराच वेळ त्या जहाजापाशी बसून राहिले. समोरच्या काचेतून खाडी दिसत होती, एक शाळेची सहल गलका करत होती. बहिणीचा फोन आला, "ताई, दमलीस का?" मी नाही म्हटलं.

घरमालकिणीच्या काही कबरींत चाव्या सापडतात. आपल्याकडे सासू चाव्यांचा जुडगा सुनेच्या हाती देते, तशी ही घराच्या सत्तेची खूण मानली जाते. हल्ली काही अभ्यासक म्हणतात, की सरसकट असं समजू नका, चाव्या नसलेल्याच बायका जास्त. मला यात नवल वाटलं नाही. कोठीची चावी आपल्याकडे तरी किती जणींच्या कमरेला होती?

आणि हो, इंग्रजीतला 'हजबंड' हा शब्द याच लोकांनी इंग्लंडला नेला. त्याचा मूळ अर्थ घर चालवणारा, घराचा मालक. अगदी आपला 'घरधनी'! शनिवारला त्यांच्या भाषांत आजही न्हाण्याचा वार म्हणतात. रानटी, गलिच्छ म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या कबरींतून फण्यांवर फण्या निघाल्या आहेत.

पुढच्या आठवड्यात येलिंगला एक धावती चक्कर मारली. तिथे चर्चच्या अंगणात अक्षरं कोरलेले दोन प्रचंड दगड काचेच्या पेटीत ठेवलेत. मोठा दगड हॅराल्ड ब्लूटूथ राजाचा; आपल्या फोनमधल्या ब्लूटूथला नाव मिळालं ते ह्याचंच. सगळे त्याचे फोटो काढतात. छोटा दगड त्याच्या वडिलांनी, गोर्म राजाने, आपल्या राणीच्या, थिराच्या स्मरणार्थ उभारला. २०२३ मध्ये संशोधकांनी अक्षरांच्या कोरीव कामाचा बारीक अभ्यास करून असं मांडलं, की आसपासच्या आणखी दोन दगडांवरची थिराही हीच. म्हणजे चार दगडांवर तिचं नाव. एवढा मान त्या काळी तिकडे तिच्या नवऱ्याला किंवा मुलालाही मिळालेला नाही.

ओसेबर्गचं जहाज मात्र माझं राहिलं. ऑस्लोचं ते संग्रहालय नव्या इमारतीसाठी २०२२ मध्येच बंद केलं होतं. नॉर्वेतलं हे सर्वांत देखणं जहाज म्हणजे एक कबर आहे, इसवी सन ८३४ मधली, आणि तिच्यात पुरलेल्या दोघीही बायकाच. एक सत्तरीच्या पुढची, दुसरी पन्नाशीची. बरोबर गाडी, घसरगाड्या, माग, स्वयंपाकाची भांडी, रेशमाचे तुकडे, रानसफरचंदांनी भरलेली बादली. दोघींचं नातं काय, हे कुणालाच उलगडलेलं नाही.

शेवटचे तीन दिवस स्टॉकहोमला काढले. बहिणीच्या ओळखीच्या एका कोल्हापूरच्या कुटुंबाकडे उतरले होते, त्यामुळे पिठलं-भाकरीचीही सोय झाली. तिथून बोटीने दोनेक तासांवर बिर्का नावाचं बेट आहे. एके काळचं गजबजलेलं व्यापारी गाव. आता हिरवळ, मेंढ्या आणि हजारो कबरींचे उंचवटे. १८७८ मध्ये इथे एक कबर उघडली. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, शिवाय बुद्धिबळासारख्या खेळाच्या सोंगट्या. सेनापतीच असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. २०१७ मध्ये हाडांची डीएनए तपासणी झाली, तर ती निघाली बाई! मग काही विद्वान म्हणू लागले, शस्त्रं पुरली म्हणून कुणी योद्धा ठरत नाही. खरं असेल. पण जवळजवळ १४० वर्षं ती कबर पुरुषाची होती, तोवर ही शंका फारशी कुणाच्या मनात आली नव्हती, एवढं मी नोंदवून ठेवते.

स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात मात्र मला घरचं माणूस भेटलं. बोटाएवढी, साडेआठ सेंटिमीटरची, कमळावर बसलेल्या बुद्धाची काशाची मूर्ती. स्वात-काश्मीरकडे सहाव्या शतकाच्या आसपास घडवलेली, आणि १९५० च्या दशकात बिर्काजवळच्याच हेल्ग्यो बेटावर जमिनीत सापडलेली. नद्यांवरून, बाजारांतून, किती हातांतून गेली असेल! ती पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटते, तेव्हा तिथल्या माणसाला विचारूनच शोधा.

बिर्काची बोट फक्त उन्हाळ्यात असते, तेव्हा जाणार असाल तर जून ते ऑगस्ट गाठा. वाऱ्याला अडवणारं जाकीट जूनमध्येही लागतं. बेटावरचं खाणं महाग आहे. मी थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. कबरीजवळच्या एका मोठ्या दगडाला टेकून खाल्लं.