सहा तासांमागची सात वर्षे

मुलांच्या टी-शर्टवर वाघाचे किंवा विमानाचे झळझळीत चित्र असते. पुष्कळदा ते कापडावर थेट छापलेले नसते. आधी ते प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर, आरशात दिसावे तसे उलटे छापतात. ओल्या शाईवर उष्णतेने वितळणारी चिकट पूड भुरभुरवतात. मग फिल्म कापडावर पालथी घालून तापलेल्या यंत्राखाली दाबतात. पूड वितळून धाग्यांना बिलगते. फिल्म सोलून काढली, की चित्र सुलट होऊन कापडावर राहते आणि फिल्म टाकून दिली जाते.

असा पापुद्रा घरी करून पाहणारे हौशी लोकही असतात. पाण्यात विरघळणारा पारदर्शक गोंद काचेवर पसरून वाळविला, की त्याचा पापुद्रा सुटून येतो. काम सोपे वाटते. पण काच किंचित कलती असली तरी एक कड जाड होते, आणि एखादा बुडबुडा राहिला तर तेथे भोक पडते. त्याहूनही अवघड आहे तो त्याचा स्वभाव साधणे. पापुद्र्याने चित्र फार घट्ट धरले, तर ते त्याच्यापाशीच राहते. फार सैल धरले, तर वाटेतच फिसकटते. धरावे आणि वेळ येताच सोडावे, हे दोन्ही त्याला जमले पाहिजे.

ही विद्या आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात भांड्यांवर चित्रे उतरविण्यासाठी सरसाचा पापुद्रा वापरीत. सरस वितळवून सपाट ओतला, की थंड झाल्यावर त्याची लवचीक चादर बने. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरील तेलाच्या रेषा ती उचलून घेई आणि भांड्याच्या गोल अंगावर ठेवी. त्यावर भुरभुरविलेली रंगाची पूड तेवढ्या तेलाला चिकटे, आणि भट्टीच्या आचेने चित्र पक्के होई. पापुद्रा, पूड आणि आच ही तिन्ही तेव्हाही होती!

त्याच्याही आधी, लिव्हरपूल शहरात जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन हे दोघे छापील चित्र मातीच्या फरशीवर उतरविण्याच्या मागे लागले होते. २७ जुलै १७५६ रोजी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, कोणाचीही मदत न घेता, त्यांनी बाराशेहून अधिक फरशा छापल्या. काही दिवसांनी त्यांनी शपथेवर लिहून दिले, की शंभर कुशल रंगाऱ्यांनाही एवढ्या वेळात इतके काम झाले नसते. त्याच लेखात आणखी एक गोष्ट नमूद आहे. ही रीत शोधण्यात त्यांची सात वर्षांहून अधिक काळ मेहनत आणि पैसा खर्ची पडला होता.

लोकांनी सहा तास पाहिले. सात वर्षे त्या दोघांनीच पाहिली. त्या वर्षांत बिघडलेली चित्रे आणि वाया गेलेली शाई कोणत्याच फरशीवर दिसत नाही. सोलून टाकलेल्या पापुद्र्याप्रमाणे ते फसलेले प्रयोग दृष्टीआड झाले. परंतु चित्र फरशीपर्यंत पोहोचले, ते त्यांच्याच आधाराने.